कॅज्युअल्टीतलं स्टूल

रत्नागिरी,
मंगळवार, १६ ऑक्टोबर १९८४

प्रिय मालन,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी तुझ्या सदूने फुरसं चावलेल्या माणसाला औषध न देता घरी पाठवलं, म्हणून हे पत्र. एरवी दिवाळीपर्यंत लिहिलं नसतं.

माझं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. पाऊस उघडलाय, गवतकापणी चालू आहे, त्यामुळे दवाखान्यात फुरशाचे पेशंट रोजचेच.

गेल्या वर्षी सदूने मला कॅज्युअल्टीत लेखनिक म्हणून बसवलं, तेव्हा तू हसली होतीस. "शाळा सुटली, आता दवाखान्यात शुद्धलेखन घे!" काम सरळ होतं. त्याने तपासता तपासता बोलायचं, मी शेजारच्या स्टुलावर बसून केसपेपर लिहायचा. त्याचे हात मोकळे राहत, रांग भराभर सरके. ट्रस्टी खूश होते.

पावसाळ्यात तो वाक्यं अर्धी सोडू लागला. "लिही मावशी, ओठ..." म्हणून थांबायचा. मी बघून म्हणायचे, "निळसर." मग तोही म्हणायचा, "निळसर." जन्मभर मुलांची वाक्यं पुरी करून मला खोडच लागलेली. पुढे थर्मामीटरही तो माझ्याच हातात देऊ लागला. मला काय वाटलं, ते जाऊ दे.

आज मी पेन्शनच्या कामासाठी ट्रेझरीत गेले होते. तेवढ्यात आंब्याच्या बागेतला गडी रावजी आला, पायाला दंश. त्याची बायको तुळसा म्हणाली, "डाक्टर, यांची थुकी तांबडी येतेय वो."

"पान खाल्लं असेल. हिरड्या स्वच्छ आहेत. घरी ने."

हिरड्यांतून रक्त म्हणजे विष भिनलं, हे इथे पोरंसुद्धा जाणतात. हे मला नर्स विमलाने सांगितलं; तिला ते रक्त दारातून दिसत होतं. डॉक्टर वाकून बघतायत म्हणजे त्यांनाही दिसतंय, असं ती धरून चालली.

आल्याबरोबर मी रावजीला परत आणायला जीप पाठवली. गावातल्या डॉ. मुकादमांना बोलावून सदूच्या जागी बसवलं. मग सदूच्या खोलीत जाऊन त्याच्यासमोर हात धरला. "किती बोटं?"

त्याने हात पुढे करून माझी बोटं चाचपली. मग म्हणाला, "मावशी, तू शेजारी बसलीस की मला दिसतं."

"म्हणूनच उद्यापासून मी बसणार नाही."

"आईला कळवू नकोस."

कळवते आहे. मी बसत राहिले, तर तो तपासत राहील. आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, रडायचं ते नंतर.

रावजीचं घर सड्याच्या कातळमाळापलीकडे आहे, शेवटची वाट पायी. जीप अजून आलेली नाही.

तुझी,
ताराअक्का

कंपाउंडर काशीरामच्या हाती, संध्याकाळच्या मुंबई एस.टी.ने पाठवलं ते असं: कपड्यांची बॅग एक. चष्मे दोन, दोन्ही निरुपयोगी. सदू. उतरताना त्याला पायरी दिसत नाही. मिळाल्याची सही करून कागद काशीरामकडेच दे.