हिरव्या झग्याची तिसरी आवृत्ती

३ मे १९९२, रविवार. जळगाव.
आजपासून रोजनिशी. माझ्या संग्रहाला आता लेखी इतिहास असणं आवश्यक झालं आहे. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर चांगलं काढणार.

पहिल्या आवृत्त्या जमवणारे गल्लोगल्ली सापडतात. त्यात काय डोकं लागतं? ‘वज्रपंख’ कॉमिक्सच्या फक्त पुढच्या आवृत्त्या जमवणारे अख्ख्या खान्देशात दोघंच. जळगावात मी आणि धुळ्यात हिलाल मास्तर. (पहिली आवृत्ती मला कधी मिळाली नाही हा भाग वेगळा. मिळाली असती तरी घेतली नसती.)

मागच्या रविवारी मास्तर गेले. काल पत्र आलं. फार वाईट वाटलं. आता दोन्ही जिल्ह्यांत मी पहिला.

संकल्प: १) उद्या मिलमध्ये रजा टाकून धुळ्याला भेटून येणे. २) त्यांच्या संग्रहाचं पुढे काय, ही हळूच चौकशी. ३) अंक २१ ताब्यात घेणे.

अंक २१बद्दल इथे लिहायला हरकत नाही. वज्रपंखाचा झगा पिवळा असतो. पण २१च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रेसच्या चुकीने काही प्रतींत पिवळ्यावर निळा रंग चढला आणि झगा हिरवा झाला, असं आम्ही दोघांनी ऐकलं होतं. पाहिला कोणीच नव्हता. एक्याऐंशी साली मी तो मास्तरांना दिला. बदल्यात त्यांनी अंक ४ची दुसरी आवृत्ती दिली, शेवटचं पान उलटं छापलेली, अस्सल. आता माझ्या प्रतीवर निळा रंग कसा चढला, तर सौ.ची कपड्यांची नीळ होती आणि शेजारच्यांचा ब्रश. याला फसवणूक म्हणत नाहीत. प्रेसने जे चुकून केलं ते मी मुद्दाम केलं, एवढंच. मास्तर शाळेत ड्रॉइंगचे शिक्षक, तरी अकरा वर्षांत अवाक्षर बोलले नाहीत. म्हणजे काम उत्तमच झालं होतं.

फेब्रुवारीत मात्र कार्ड आलं. प्रकृती बरी नाही, एकदा येऊन जा, अंक २१चं थोडं काम आहे. काम! मी काय ते ओळखलं. जायची फार इच्छा होती, पण मार्च एंडिंग. आमच्या डाळ मिलमध्ये मार्च एंडिंग फेब्रुवारीतच सुरू होतं. मग एप्रिलमध्ये ऊन.

४ मे, सोमवार. धुळ्याहून परत.
यशस्वी दौरा. बसमध्ये पारोळ्यापर्यंत उभा.

मास्तरांच्या घरी भागावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाच मिनिटं गप्प बसलो, मग संग्रहाबद्दल तोंड उघडणार तर त्यांनीच कोपऱ्यातली पत्र्याची पेटी दाखवली. म्हणाल्या, हाई बठ्ठं तुमनंच शे भाऊ, लई जा. म्हणाल्या, सगळं तुम्हालाच द्यायचं असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा पेटी उचलली.

निघताना सवयीने तोंडातून ‘येतो’ निघून गेलं. दुखवट्याच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत हे मला कळतं. पण पेटी जड होती.

सौ.ने दारातच अडवलं. नववा दिवस, सुतकातली वस्तू घरात आणतात का, वर ‘येतो’ म्हणून आलात, आता तेही येतील पेटीमागे. मी म्हणालो, पुष्पा, आपण विसाव्या शतकात आहोत. पेटी मागच्या खोलीत ठेवली. सौ.ने त्या खोलीतलं लोणचं बाहेर काढलं.

५ मे, मंगळवार. दुपारी १२.२०.
जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास. ऐंशीएक अंक, खाकी कागदात. सगळ्यात वरती अंक ९, खाकी कागदावर मास्तरांनी लिहिलेलं ‘चौथी आवृत्ती’. कपाळ! माझ्याकडे हीच तिसरी म्हणून आहे. मास्तरांचं अज्ञान पाहून हसू आलं.

आतल्या पानावर समासात बारीक पेन्सिल. मास्तरांचं अक्षर. ‘लीलाधरभाऊ, पिना मोजा.’

मोजल्या. तिसऱ्या आवृत्तीला एक पिन असते. हिला दोन होत्या. माझी काढून पाहिली. दोन.

मी घाबरलो नाही. ऊन लागलं असावं. ताक प्यालो.

७ मे. दु. १२.१५.
संकल्प: आठ दिवसांत पूर्ण कॅटलॉग. १ जूनला वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन, ‘खान्देशातील पुनर्मुद्रणे: एका माणसाची तपश्चर्या’.

आज अंक १२. शेवभाजी खाऊन थेट बसलो होतो. पान उघडलं तर समासात, ‘हात पुसले का?’

पुसले नव्हते.

इथे कोणीही चरकलं असतं. मी फक्त उठलो आणि चालत बाहेर आलो. सौ. म्हणते धावत आलात. बायकांना अतिशयोक्तीची सवय असते.

९ मे, शनिवार.
काल मास्तरांचं तेरावं झालं. आता माणूस मार्गी लागतो, शास्त्रच आहे. निर्धास्त मनाने अंक १४ घेतला. हा पुण्याला छापला, हे माझं संशोधन. १९८५मध्ये मास्तरांना सहा पानी पत्र लिहून पटवलं होतं. त्यांनी मान्यही केलं होतं.

समासात: ‘पुणे नाही, इंदूर. जाहिरातीतला पत्ता वाचा. तेव्हा बोललो नाही, तुम्ही फार खुशीत होतात. आता रागावणार. पाणी प्या.’

रागावलो. मग पाणी प्यालो. मग लक्षात आलं की त्यांनी सांगितलं म्हणून प्यालो. उरलेलं ओतून दिलं.

११ मे.
सौ.ला खोलीत बसवून घेतलं. भीतीमुळे नव्हे, तिला पुनर्मुद्रणांची गोडी लागावी म्हणून. ती शेंगा फोडत बसली. मास्तरांचं खाकरणं ऐकू आलं. सौ. म्हणाली, ते तुम्हीच खाकरलात.

कॅटलॉग: नोंदी ३. पैकी खोडलेल्या ३.

१२ मे.
पेटीला लिंबू-मिरची बांधली. कसर लागू नये म्हणून.

१७ मे, रविवार. भर दुपारी.
हे एकदाचं मिटवायचं असं ठरवलं. थेट अंक २१ काढायचा आणि चुलीत घालायचा. संग्रहाच्या शुद्धतेसाठी. शिवाय प्रदर्शनाला ड्रॉइंगचे आणखी कोणी शिक्षक आले तर उगाच चर्चा.

१८, १९, २०, २२.

२१च्या जागी खाकी कागदाचा तुकडा. ‘२१ इथे नाही. धुळ्याला या.’

बाहेर बेचाळीस डिग्री आणि मी घोंगडी घेऊन पडलो. सौ.ने कपाळाला हात लावून पाहिला, म्हणाली, तुम्ही त्या माणसाचं काय घेतलंय? मी म्हणालो, काही नाही. तिने पुन्हा तेच विचारलं. मी झोपेचं सोंग घेतलं.

१९ मे.
मिलमध्ये तुरीच्या पावतीवर ‘आवृत्ती तिसरी’ लिहिलं. शेठ नुसते बघत राहिले. आता सगळेच असे बघतात.

रात्री झोप नाही, दुपारी जागरण. विचार केला, मास्तरांना कळलंच असेल तर केव्हा? बहुतेक शेवटी शेवटी. आजारात माणूस संशयी होतो. निरोगी असताना त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. हा विचार पटला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२४ मे, रविवार. रात्री परत.
धुळे. थोडक्यात लिहितो.

निमित्त काढून गेलो, पेटीचं कुलूप परत द्यायचं. वहिनींनी कुलूप घेतलं, बाजूला ठेवलं. मी काही विचारण्याआधीच त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला अंक २१ आणून माझ्या मांडीवर ठेवला. सांगितलं, हा तेवढा पेटीत टाकू नको, लीलाधरभाऊ येतील तेव्हा त्यांच्या हातात दे, असं ते म्हणाले होते.

मग सांगत बसल्या. माघ महिन्यापासून ते अंथरुणाला होते. पेटी खाटेजवळ ओढून घ्यायचे आणि दिवसभर पेन्सिलीने लिहायचे. दमले की थांबायचे, परत लिहायचे. त्या विचारायच्या, काय लिहिता, तर म्हणायचे जळगावला पत्र लिहितोय, पण टाकायचं नाही, तो येऊनच वाचेल. बस लागायच्या वेळेला दाराकडे बघायचे. तुमनी वाट दखी दखी गयात, म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंक उघडला. आतल्या पानावरची पेन्सिल जुनी, पुसट. खाली तारीख, १५ नोव्हेंबर १९८१. आम्ही देवघेव केली तोच दिवस. मी धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या बसमध्ये बसून स्वतःवर खूश होतो, तेव्हा त्यांनी घरी बसून हे लिहिलं:

‘अंक २१, हिरवा झगा. लीलाधरभाऊंनी स्वतः निळीने रंगवलेला. घाईत डावी बाही पिवळीच राहिली आहे, ती पुढेमागे त्यांच्याच हातून पुरी करून घ्यायची. जगात ही एकच प्रत. जपून ठेवणे.’

बाही पाहिली. खरंच पिवळी. अकरा वर्षं मला माहीत नव्हतं.

तेवढंच काम होतं त्यांचं. बाहीचं. आणि मी मार्च एंडिंग सांगत बसलो.

वहिनींना वाचता येत नाही. म्हणाल्या, हा अंक काढून ते एकटेच हसायचे. आलागेला माणूस आला की दाखवायचे, माझ्या मित्राने दिलाय म्हणून. वहिनी विचारायच्या यात हसण्यासारखं काय, तर म्हणायचे, लीलाधरभाऊ आले की त्यांनाच विचार. तर भाऊ, काय लिहिलंय त्यात?

मी म्हणालो, ‘जपून ठेवणे’ असं लिहिलंय.

हे खोटं नाही. शेवटचे दोन शब्द तेच आहेत.

त्यांनी विचारलं, एवढंच? मी म्हणालो, एवढंच. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला गेल्या. निघताना ‘येतो’ म्हणालो नाही.

२६ मे.
आज मागच्या खोलीत गेलो. उरलेले समास वाचत होतो. एका ठिकाणी ‘पान ७ पाहून हसू नका, मीही फसलो होतो.’ पान ७ पाहिलं. हसू आलं, मग रडू आलं. सौ. दारात होती. तिला सगळं सांगितलं. निळीपासून. ती म्हणाली, ती नीळ मी आठ दिवस शोधत होते. मग पदर डोळ्याला लावून आत गेली.

२८ मे.
प्रदर्शन पुढे ढकललं. हॉलमध्ये पंखे नाहीत.

संकल्प: १) बाही पुरी करणे. मास्तरांची इच्छा आहे, माझी नाही. २) मग धुळ्याला जाऊन वहिनींना पूर्ण ओळी वाचून दाखवणे. पहिलं झाल्याशिवाय दुसरं करता येत नाही, म्हणून थांबलो आहे.

३१ मे, रविवार. दु. १२.४०.
हात पुसले. दोनदा. नवी नीळ आणली, बशीत कालवली, ब्रश आणला. बाही म्हणजे नखाएवढी जागा. ड्रॉइंगमध्ये मी शाळेत पहिला होतो, म्हणजे पहिल्या दहांत.

पाणी जास्त झालं. कागद जुना, भसकन ओढून घेतलं त्याने. बाही हिरवी झाली, मग मूठ, मग छाती. टिपायला गेलो तर रंग वर चढला. वज्रपंखाचं तोंड हिरवं झालं. नीळ आत झिरपून पेन्सिलीवर गेली. ‘जगात ही एकच’ पर्यंत वाचता येतं. पुढचं नाही.

मी वहिनींना जेवढं वाचून सांगितलं होतं, तेच नेमकं गेलं.

पंख्याखाली धरून बसलो. सौ.ने डोकावलं.

१ जून. दु. १२.
प्रत वाळली. फुगली आहे. समासात जिथे कोरडी जागा उरली तिथे पेन्सिलीने लिहिलं: ‘मास्तर, पाणी जास्त झालं.’ अक्षर चांगलं काढलं. पेटीत सगळ्यात वर ठेवली. लिंबू-मिरची काढून टाकली.

२ जून. दु. १२.
पाहिलं. माझीच ओळ.

३ जून.
मिलमधून पंधरा मिनिटं आधी निघालो. माझीच ओळ. खाली लिहिलं, ‘तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं तर बोलला का नाहीत?’

५ जून, शुक्रवार.
सौ. शेंगा घेऊन खोलीत बसायला आली. तिला म्हणालो, आज नको, तू ओट्यावर बस, दार ओढून घे. माणसं असली तर मास्तर यायचे नाहीत. ती गेली.

बारा वाजता पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वासही आता येत नाही. पान पुढे धरून बसलो. मोठ्याने म्हणालो, काहीही बोला, चूक काढा, मी रागावणार नाही.

एकपर्यंत बसलो. मिलचा भोंगा झाला. कोणी काही म्हटलं नाही.