प्रॉब्लेम त्यांच्या बाजूने आहे

६ फेब्रुवारी, सकाळ
साइट उघडत नाही. पांढरं पान आणि वर इंग्रजीत एक ओळ, की ही साइट सध्या उपलब्ध नाही. मी शांत आहे. सिस्टिम्स डिपार्टमेंटमध्ये केस पांढरे केलेल्या माणसाला असल्या गोष्टींनी घाम फुटत नाही. संध्याकाळपर्यंत चालू करतो.

नोंद असावी म्हणून लिहितो. साइट बायकोच्या कामाची आहे. ती आजारी माणसांचे कपडे शिवते. खांद्यापासून उघडणारे शर्ट, पुढे बंद बांधायचे गाउन, व्हीलचेअरमध्ये बसल्याबसल्या चढवता येतील अशा पँट्स. कुणाला नळ्या लावलेल्या असतात, कुणाचा हात वर होत नाही, कुणाला साधी शिवणसुद्धा टोचते, अशांसाठी. शिवणं तिचं, बाकी सगळं माझं. म्हणजे वेबसाइट, ऑर्डरी, जाहिरात आणि धोरण. ऑक्टोबरात मी नोकरी सोडली (पत्रात शब्द वेगळा होता, अर्थ तोच), तेव्हापासून या कामाला मी पूर्ण वेळ देतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चालू झाली नाही. होस्टिंग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. एक दाबा, मग तीन दाबा, मग पियानो. पियानोवाल्याला एकच तुकडा येतो. कंटाळून चॅट केलं. चॅटवरची बाई प्रत्येक वाक्याआधी लिहिते की आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. मी विचारलं, नक्की काय समजलं ते सांगा. तिने परत तेच लिहिलं. मग म्हणाली, खातं तुमचंच आहे याची खात्री व्हायला हवी, म्हणून रजिस्टर केलेल्या ईमेलवर कोड पाठवलाय, तो सांगा.

रजिस्टर केलेला ईमेल जुन्या ऑफिसचा आहे. तो आता मला उघडता येत नाही. किरकोळ बाब आहे. उद्या बोलून मिटवतो.

८ फेब्रुवारी
मिटलं नाही. आज चॅटवर दुसरी बाई होती. तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. यांच्याकडे हँडओव्हर नावाची गोष्ट नाही. माझ्या डिपार्टमेंटमध्ये असं कधी चाललं नसतं.

बायकोने जेवताना विचारलं की ऑर्डरी का येत नाहीत. मी मंदीचं सांगितलं. ती म्हणाली की तुम्ही घरी बसल्यापासून एकही आलेली नाही. एक तर मी घरी बसलेलो नाही, घरून काम करतोय. दुसरं म्हणजे हा योगायोग आहे. तिला बाजाराचे चढउतार कळत नाहीत. सध्या ती शेजारणीच्या पडद्यांना टिपा मारते. असली कामं घेऊ नकोस, ब्रँड खराब होतो, असं मी तिला समजावलं. ती टिपा मारत राहिली.

निश्चय: उद्यापासून खालच्या लोकांशी बोलायचं नाही. थेट सुपरवायझर.

११ फेब्रुवारी
सुपरवायझर मिळाला. अतिशय नम्र माणूस. नम्रपणा ही यांची युक्ती आहे, समोरच्याला चिडायला जागाच ठेवत नाहीत. मी सांगितलं की प्रॉब्लेम तुमच्या सर्व्हरचा आहे. तो म्हणाला, असू शकेल सर, पण कोडशिवाय मी खातं उघडून पाहू शकत नाही. मी म्हणालो, कोड ज्या पत्त्यावर पाठवलाय तो बंद आहे. त्याने नम्रपणे पत्ता बदलून द्यायची तयारी दाखवली. त्यासाठी फक्त जुन्या पत्त्यावर आलेला कोड लागेल म्हणाला.

मी इंग्रजीतून लेखी तक्रार केली. ‘फोर्थविथ’, म्हणजे ताबडतोब, हा शब्द दोन ठिकाणी घातला. लगेच उत्तर आलं: आपली समस्या सुटल्याचा आम्हाला आनंद आहे. खाली रेटिंगसाठी पाच चांदण्या. मी एकही रंगवली नाही. बसेल दणका.

१४ फेब्रुवारी
बायकोचा मोठा भाऊ आला होता. माणूस चांगला आहे, फक्त टेक्निकल गोष्टीत ढ. त्याच्या ओळखीत कुणीतरी आहे, अर्ध्या दिवसात नवीन पान टाकून देतो म्हणे, फोटो आणि फोन नंबर असलेलं. मी त्याला आपल्या साइटची रचना समजावून सांगितली. फोन नंबर न देण्यामागे विचार आहे, फॉर्म भरून घेतला की गिऱ्हाइकावर छाप पडते. तो चहात बिस्किट बुडवून ऐकत होता. बिस्किट तुटून चहात पडलं, तरी बघतच होता माझ्याकडे. मी नाही म्हणून सांगितलं. उद्या ते पान कोसळलं तर नाव कुणाचं जाणार?

तो गेल्यावर बायको म्हणाली, “मला रचना नकोय. माझा फोन वाजायला हवा, एवढंच.”

भावनेच्या भरात बोलली. मी मनावर घेतलेलं नाही.

१७ फेब्रुवारी
आज एक बाई घरी आल्या. तिशी-पस्तिशीच्या, ऑफिसमधून परस्पर आल्यासारख्या. हॉस्पिटलमधल्या एका नर्सकडून त्यांनी पत्ता काढला होता. त्यांनी डिसेंबरात साइटवर ऑर्डर टाकली होती, आईसाठी. आईच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, पुढून उघडणारे मऊ गाउन हवे होते. ऑर्डर मिळाली असं पानावर लिहून आलं (म्हणजे साइट तेव्हा व्यवस्थित चालत होती, हे नोंदवण्यासारखं आहे). मग त्या वाट बघत राहिल्या. मग साइटच उघडेना.

त्या बोलत होत्या तोवरच बायकोने टेप काढून गळ्यात टाकला होता. म्हणाली, मापं सांगा, आज बसते, उद्या घेऊन जा. लागलं तर मीच हॉस्पिटलमध्ये आणून देते.

त्या म्हणाल्या, “नको, आई गेली. गेल्या आठवड्यात. तुम्ही कापड कापलं असेल नाहीतर कापाल, उगीच वाया जाईल, म्हणून सांगायला आले.”

मी त्यांना समजावलं की प्रॉब्लेम होस्टिंग कंपनीच्या बाजूने आहे, आपण तक्रार केलेली आहे. त्यांनी मान हलवली. पाणी घेतलं नाही. जाताना दारात बायकोने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी मध्ये उभा होतो, म्हणून आत आलो.

नंतर बायकोने विचारलं, ती ऑर्डर गेली कुठे? मी म्हणालो, ते टेक्निकल आहे. ती मशीनवर जाऊन बसली. दोरा ओवलेला नव्हता. नुसतंच मशीन चालवत होती. सुईखाली कापडाचा तुकडा होता, त्याला भोकं पडत होती.

१८ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. गाउन म्हणजे औषध नव्हे. गाउन वेळेवर मिळाला असता तरी जे व्हायचं ते झालंच असतं.

हे बायकोसमोर बोलायचं नाही.

(बोललो. दुपारी. बोलायला नको होतं. ती म्हणाली, ‘त्या आईचं अंग सोललेलं होतं हो.’ एवढंच म्हणाली.)

निश्चय: जुन्या ऑफिसात जायचं आणि कोड आणायचा. त्यांना बरंच वाटेल. तसेही ते मला सल्ल्यासाठी बोलावणारच होते.

२० फेब्रुवारी
ऑफिसात जाऊन आलो. रिसेप्शनवरची मुलगी नवीन आहे, तिने कुणाकडे काम आहे विचारलं. गळ्यात ‘व्हिजिटर’चं कार्ड अडकवलं. मी ते शर्टाच्या आत ठेवलं.

माझ्या जागेवर माझा ज्युनिअर बसतो. खुर्ची तीच. ती मी भांडून मागवून घेतली होती. त्याने उठून मला बसायला दिली, मी नाही बसलो. त्याने माझा जुना ईमेल उघडला. होस्टिंग कंपनीची पत्रं होती, मोठ्या अक्षरांत: मुदत संपत आली आहे. मुदत संपली आहे. शेवटची सूचना. कंपनीचा हा एक मोठा दोष आहे, माणसाला पोचतंय की नाही न बघता पत्रं पाठवत राहतात.

आणि त्यांच्या मधेमधे ऑर्डरी. ऑक्टोबरपासूनच्या. ऑर्डरीसुद्धा याच पत्त्यावर येत असत. ऑफिसात असताना मी त्या इथेच बघायचो आणि घरी जाऊन तिला सांगायचो. पत्ता बदलायचा राहून गेला. माझ्या डोक्यात होतं.

ज्युनिअर माउसने खाली खाली जात होता. एक-दोन वाचल्या. ‘वडिलांना पक्षाघात झालाय, उजवा हात हलत नाही, लवकर मिळेल का?’ ‘ही माझी दुसरी ऑर्डर आहे, पहिलीचं उत्तर आलं नाही.’ ‘मुलाला प्लास्टर आहे, शाळेचा शर्ट चढत नाही.’ मग त्याने माउस सोडला आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. टेबलावर पाण्याची बाटली होती. भरलेली.

एवढ्या ऑर्डरी आल्या, याचा अर्थ जाहिरात बरोबर होती. हे कुणीतरी मान्य करायला हवं.

कोड मिळाला. सगळी मेल स्वतःकडे घेतली.

२१ फेब्रुवारी
कस्टमर केअरने कोड घेतला आणि खातं उघडलं. मुदत डिसेंबरअखेर संपली होती. त्यानंतर त्यांनी काही दिवस वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे सगळ्या फायली पुसल्या. मी विचारलं, म्हणजे आता साइट कुठे आहे? नम्र सुपरवायझर म्हणाला, “सर, आमच्याकडे तुमचं आता काहीही नाही.” मग बॅकअप घेतला होता का म्हणून विचारलं. बॅकअप मी घेणारच होतो. त्यासाठी चांगली हार्डडिस्क कोणती, याचा अभ्यास चालू होता.

तरी बातमीतला चांगला भाग बायकोला आधी सांगितला, की ऑर्डरी पुष्कळ आहेत. तिने कधीपासूनच्या ते विचारलं. मी सांगितलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला, खिडकीशी बसली आणि एकेकाला फोन करायला लागली. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. हो, मीच शिवते. उशीर झाला, माफ करा. अजून हवाय का? नको? बरं. कसे आहेत ते आता? अच्छा. अच्छा. माफ करा.

एका फोननंतर आवाज थांबला. बाहेर येऊन पाहिलं, तर फोन मांडीवर उलटा ठेवलेला आणि ती समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत होती. चहा करू का विचारलं. ऐकू गेलं नसावं. मग तिने पुढचा नंबर लावला.

२५ फेब्रुवारी
तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मशीन, कापडाचे तागे, बटणांचे डबे, इस्त्री, सगळं गेलं. हॉस्पिटलशेजारी औषधाच्या दुकानाला लागून एक खोली आहे, आपला पत्ता देणाऱ्या त्या नर्सने मिळवून दिली. तिथे बसून शिवणार. पेशंटचे नातेवाईक थेट येतील, मापं खाटेवर जाऊनच घेता येतील. कल्पना वाईट नाही. मला विचारलं असतं तर मीच सुचवली असती.

भावाचं घर तिथून जवळ पडतं, म्हणून ती राहायलाही तिकडेच गेली. तात्पुरतं. किती दिवस ते विचारलं नाही, उगीच दडपण येतं माणसावर. टेम्पो सुटताना मी काय करू म्हणून विचारलं. म्हणाली, “तुम्ही साइटचं बघा.”

म्हणजे विश्वास अजून आहे.

मशीन होतं तिथे फरशीवर चार गोल डाग राहिलेत आणि दोऱ्यांचे तुकडे. झाडायचं आहे.

१ मार्च
साइट नव्याने बांधतोय, आठवणीतून. फोटो हवे होते, पण कपडे सगळे तिच्याकडे. तिच्या खोलीवर गेलो. बाकावर माणसं बसली होती. एक म्हातारा बनियनवर, दंडातून नळी बाहेर आलेली, आणि ही त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून खांद्याचं माप घेत होती. तोंडात टाचण्या. मला पाहून मानेने थांबा म्हणाली. थोडा वेळ थांबलो. मग बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, तुमचं कोण आजारी आहे? मी कुणी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, मग जरा सरकता का? ही जागा पेशंटची आहे.

फोटो नंतर कधीतरी. सध्या हँगरचं चित्र टाकतो.

७ मार्च, दुपार
साइट चालू झाली. नवी कंपनी, नवा ईमेल, बॅकअपसुद्धा घेतला. पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने उघडते. बायकोला मेसेज करून लिंक पाठवली. तिने अंगठा पाठवला.

टेस्ट म्हणून पहिली ऑर्डर मीच टाकली. शर्ट, खांद्यापासून उघडणारा, माझ्या मापाचा. ‘आपल्याला काय त्रास आहे’ हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. शेवटी ‘दोन्ही हात’ एवढंच लिहिलं. खाली माझा नंबर दिला. लगेच उत्तर आलं: ऑर्डर मिळाली, मापासाठी आमच्या बाई आजच आपल्याला फोन करतील. ऑर्डर तिच्या फोनवर गेल्याची खूण दिसली. तिने उघडून वाचल्याचीही दिसली.

सिस्टिम उत्तम चालते आहे.

संध्याकाळ
फोन समोर ठेवलाय. आवाज पूर्ण मोठा आहे, तपासला.