ओला रुमाल

मंगळवार, संध्याकाळ

समोरच्या दुकानातल्या श्रीशैलचा आज राग आला. राग कसला, जळलोच. टेंभुर्णीचं एक कुटुंब आहेराच्या वीस चादरी घ्यायला त्याच्याकडे आलं होतं. यानं ओला रुमाल लाल चादरीवर घासला आणि गुलाबी झालेला त्यांनाच दाखवला. म्हणाला, "रंग सोडतीय. आठ दिवसांनी या की, दुसरा माल येतोय."

तोच माल माझ्याकडेही आहे. वाटलं, आता इकडंच येतील. मी उठून उभासुद्धा राहिलो. पण ते आठ दिवस थांबायला तयार होऊन निघून गेले. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांशी गोड बोलतोय, माझ्यासाठी कोण थांबलंय? आणि तो रुमाल त्यानं मुद्दाम दारात वाळत घातला का?

आत्ता बायको म्हणाली, "पोरीच्या सासरी द्यायला आपल्या दुकानातल्या चादरी आणा."

म्हटलं, "आठ दिवस थांब."