अठरा मिनिटांची भाकर

माझ्या लाडक्या रिबकाताईला,
शांतेचा सलाम, आणि तुझा शालोम तुला परत.

कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? तिकडे जिने नसावेत एवढीच माझी आशा. तुझ्या मालकांचा, दानिएलभाऊंचा, खोकला गेला का? तुझी आई भेटली असेल, तिला माझा नमस्कार सांग. माझी आई दिसली तर जरा मोठ्यानं बोल, डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. आणि आमचे हे? तब्येतीनं बरे असतील, पण लक्ष ठेव, तंबाखू मिळेल तिथे ते पहिले पोचतात.

मी बरी आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, म्हणून अजून ब्लाउज शिवते. इंदिरानगरातलं आपलं घर तसंच आहे. तुझ्या बाजूला नवं बिऱ्हाड आलंय. माणसं चांगली आहेत, पण भिंतीवर थाप मारली की पलीकडून उलटी थाप देत नाहीत.

तू गेलीस त्याला सहा महिने होतील. आजवर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं मला. आज ईस्टरनंतरचा सोमवार. तुझं लाटणं गॅलरीत उन्हाला ठेवलंय आणि त्याच्या शेजारी पाट घेऊन बसलेय. ताई, जिंकलो गं आपण!

थांब, पहिल्यापासून सांगते. तुला सवय होतीच मधेच म्हणायची, "शांते, शेपटाकडून गाय दाखवू नकोस."

आठवतं का ते नाटक? मी संडेस्कूलच्या मुलांचं बसवलेलं, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचं. किती हौसेनं तुला पहिल्या रांगेत बसवलं होतं! पडदा उघडला, बारा शिष्य दाढ्या सावरत बसलेले, मधोमध टेबल आणि टेबलावर बेकरीतून आणलेली ताजी, फुगलेली पावाची लादी. आणि तू हसलीस! तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. पाळकबाईंनी वळून पाहिलं. मला तर वाटलं, धरणी फाटावी.

दुसऱ्या दिवशी मी तोंड फुगवून बसले, तर तूच आलीस.

"काय गं शांते, तुझा प्रभू कोण होता?"

"देवाचा पुत्र," मी ताडकन म्हणाले.

"ते तुझं तुझ्यापाशी. जन्मानं कोण होता?"

"यहूदी."

"मग त्या रात्री यहूद्याच्या घरात पाव आला कुठून? आठ दिवस आधी मी कोपरे झाडून काढते, आंबवलेलं कणभर राहू देत नाही, ते तू बघतेस ना दर वर्षी?"

बघत होते! वीस वर्षं भिंतीला भिंत लावून बघत होते. तुमच्या घरी त्याला अनाशी ढाकायचा सण म्हणायचे. आंबट चटणीचं मडकं झाकून ठेवता म्हणून, हे तूच सांगितलंस. मी माझ्या घरात बसून मिसरातल्या सुटकेच्या वल्हांडण सणाचे अध्याय तोंडपाठ करत होते, आणि तोच सण पलीकडच्या चुलीवर शिजत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायबल मी वाचलं पुष्कळ, ताई, पण ते राहतं कुठे ते मला तू दाखवलंस.

त्या दिवशी तू मला पाटावर बसवलंस आणि पिठात पाणी घालायच्या आधी घड्याळ समोर ठेवलंस. "पाणी लागलं की अठरा मिनिटं. त्यात मळून, लाटून, टोचून, भाजून तव्यावरून उतरली पाहिजे. एक मिनिट वर गेलं की ती आंबायला लागली म्हणायचं." मी म्हटलं, एवढी घाई कशाला? तू म्हणालीस, "गुलामाला सुटायची वेळ आली की तो पीठ फुगायची वाट बघत बसत नाही."

हे वाक्य मी बायबलाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय.

मग एकेक गाठ सुटत गेली. तुमचा दारफळणीचा सण आठवतो? मी भरल्या वांग्यांचा डबा घेऊन आले, दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. आत माणसं आहेत हे कळत होतं, पण कोणी उघडेना! मला वाटलं, भांडलीस माझ्याशी. वांगी मीच खाल्ली, रडत रडत. दुसऱ्या दिवशी तू सांगितलंस की त्या दिवशी उपास, पांढरे कपडे, दार लावून देवापुढे वर्षाच्या चुका मांडायच्या. तेव्हा कुठे मला बायबलातलं इब्री लोकांस पत्र उमगलं. मंदिराच्या गाभाऱ्यात वर्षातून एकदाच जाणारा मुख्य याजक, तिथला पडदा, आणि आमच्या विश्वासात प्रभूच्या मरणावेळी तो पडदा फाटला याचं एवढं मोल का, हे सगळं. तोवर मला वाटायचं, पडदाच तो, शिवून घेतला असता कोणीतरी! शिंपीणच ना मी.

तू माझं मानलं नाहीस आणि मी माझं सोडलं नाही. एकदा मी प्रभूच तो तारणारा म्हणून फार आग्रह केला तेव्हा म्हणालीस, "तू म्हणतेस पाहुणा येऊन गेला, मी म्हणते यायचाय. ताट तर दोघींनी मांडून ठेवलंय ना? मग पुसून ठेव ते, आणि चहा टाक."

आता ते बोलते, जे बोलायला इतके महिने धीर झाला नाही.

तू एकच गोष्ट मागितली होतीस माझ्याकडे. "तुमच्या चर्चमधल्या प्रभुभोजनाला एकदा खरी भाकर झालेली बघायचीय मला." आणि वर बजावलंस, "पण आमच्या सणाची नक्कल नको. आमचा सण म्हणजे नाटक नाही. तुमचं तुम्ही करा, फक्त कुठून आलं ते विसरू नका." मी हो हो म्हटलं. आणि दर वर्षी चर्चच्या कमिटीपुढे जायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. मी चौथी शिकलेली. तिथे कोट घातलेली माणसं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, करत राहिले.

तू तरी का थांबली नाहीस? एवढी आजारी होतीस तर सांगायचं नाही? "सर्दी आहे गं" म्हणे! तुझ्यावर राग आहे माझा, तो सुद्धा लिहून ठेवते.

तू गेल्यावर तुझी लेक सिपोरा इस्राएलातून, अश्दोदहून आली. परत जाताना माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं तुझं सणाचं लाटणं दिलं. "आईनं सांगितलंय, शांतामावशीला." मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. कपाट उघडलं की ते माझ्याकडे बघायचं.

शेवटी फेब्रुवारीत मी सिपोराला फोन केला. "बाई, तुझ्या आईचं लाटणं चर्चमध्ये वापरलं तर चालेल का गं?"

तिकडून म्हणाली, "मावशी, आईनं ते तुला पुरणपोळ्या लाटायला दिलं असं वाटलं का तुला?"

तुझीच मुलगी, ताई! जिभेला तीच धार.

मग गेले कमिटीपुढे. सेक्रेटरी यशवंतराव म्हणाले, "शांताबाई, इतकी वर्षं पावावर चाललंय. देवानं कधी तक्रार केली?"

म्हटलं, "देवानं नाही केली. रिबकाताईनं केली."

हसले सगळे. पाळकसाहेब नवे आहेत, तरुण. त्यांनी विचारलं, "हे अठरा मिनिटांचं तुम्ही कोणत्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात नाही साहेब. तव्यावर."

ते वहीत लिहायला लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण यशवंतरावांना दुसरंच सुचलं. "मग करायचं तर पुरतं करू! कडू भाज्या आणू, टोप्या घालू, यहूद्यांसारखी गाणी म्हणू, स्टेजवर बसवू." झालं! नाही म्हटलं तर भाकरही जाणार, हो म्हटलं तर तुझा शब्द मोडणार. उभी राहिले.

"नको. तो सण त्यांच्या घरचा आहे आणि त्यांच्या घरी तो जिवंत आहे. आपण फक्त भाकर बदलू, आणि ती कुठून आली ते मुलांना सांगू. तेवढं जमत नसेल तर पावच राहू द्या."

यशवंतराव चिडले. "शंभर माणसांची भाकर, अठरा मिनिटांत? करून दाखवा. घड्याळ मी लावणार."

"लावा," म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात चार शेगड्या, आठ बायका. यशवंतराव मनगट वर धरून उभे, शर्यतीतल्या पंचासारखे. पहिला घाणा, एकोणीस मिनिटं! मी म्हटलं, हा बाजूला काढा. बायका हळहळल्या, "एकाच मिनिटानं काय होतंय मावशी?" तर यशवंतरावच ओरडले, "एक म्हणजे एक! पुन्हा मळा!" मग चढलाच तो माणूस. "बारा झाली! तेरा! अहो, टोचा, टोचा! ती कडेची उलटा!" दुसरा घाणा सोळा मिनिटांत उतरला. तिसरा पंधरा! तुझं लाटणं असं फिरत होतं, ताई, जणू त्याला रस्ता पाठ होता.

प्रभुभोजनात द्राक्षारस म्हणून यायची ती लाल सरबताची बाटलीही गेली बरं का. दिंडोरीच्या काळ्या मनुका भिजवून कुस्करल्या, तू शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथासाठी करायचीस तशा.

आणि मग प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी भाकर दोन्ही हातांनी वर धरली आणि मोडली. कडाड्! शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला. पाव मोडताना आजवर कधी आवाजच झाला नव्हता गं! आमच्यासाठी प्रभूचं शरीर मोडलं असं आम्ही जन्मभर म्हणत आलो, आणि ते कानांनी ऐकलं त्या संध्याकाळी. यशवंतरावांनी चष्मा काढला.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून सहा वर्षांची एक पोरगी मोठ्यांदा म्हणाली, "आज पाव का नाही?"

तिची आई तोंड दाबायला धावली. तुमच्या घरी सणाच्या रात्री सगळ्यांत लहान मूल हेच विचारतं ना, आज वेगळं का? नक्कल नको म्हणालीस, नाही केली. पण प्रश्न आपल्या पायांनी चालत आला!

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शांताबाई, तुम्ही सांगा."

आणि मी सांगितलं, ताई. चौथी शिकलेल्या शांतेनं, अख्ख्या मंडळीपुढे. मिसरातले गुलाम सांगितले, घाईचं पीठ सांगितलं, प्रभूनं त्या रात्री कोणती भाकर हातात घेतली ते सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "हे मला माझ्या शेजारणीनं शिकवलं. तिचं नाव रिबका." त्या पोरीनं मान डोलावली आणि उरलेला तुकडा कुडूमकुडूम खाल्ला.

निघताना यशवंतराव म्हणाले, "पुढच्या वर्षीही घड्याळ मीच लावणार हं."

तर ताई, तुला वचन देते. हात चालतील तोवर ही भाकर मी करीन, नंतर त्या पोरीला शिकवीन. एकोणिसाव्या मिनिटाची कधी ताटात जाणार नाही. आणि तुझं नाव घेतल्याशिवाय ती कोणाच्या हातावर पडणार नाही.

तू बघायला हवी होतीस. मी उशीर केला. माफ कर, दार उघडून माफ कर!

उत्तर लवकर लिही. अठरा मिनिटांत लिही असं म्हणत नाही, पण फार लांबवू नकोस. माझंही पीठ आता बराच वेळ भिजलेलं आहे.

तुझी,
भिंतीपलीकडची शांता