वाघ सोपा होता

दहिवली, पौष शुद्ध द्वादशी, शके १८१२

तीर्थस्वरूप दादांस धाकट्या गजाचा दंडवत. वहिनींना नमस्कार.

काल सकाळी रानाच्या तोंडाशी, वाघोबाच्या दगडापुढे, मी “मला भीती वाटते” असे म्हणालो आणि तिथून सगळे बदलले. कशाची, ते पुढे लिहितो. आधी घरचे.

वाल फुलावर आहेत. भात झोडून कणगीत भरले. माझा ताप उतरला.

म्हणजे, दादा, ताप नव्हताच; घरी येण्याचे ते निमित्त तुम्हांला कळवले होते. पुण्यात एक पोरगा माझ्या ‘हाय-नाय’ची नक्कल करायचा. मी दौत फेकून मारली. मास्तर माफी माग म्हणाले. मी ट्रंक उचलली आणि गाडीत बसलो. कॉलेज सुटले. पण तो पोरगाही निमित्तच. आपल्या शेजारच्या बायजाचे बिऱ्हाड इथून उठून रानापलीकडच्या कोंडाणे गावी गेले, तेव्हापासून पुस्तकात मला अक्षर दिसत नव्हते. इथे आलो तो कळले, येत्या पौर्णिमेला तिची सुपारी फुटणार, पळसदरीच्या एका घरात.

त्या रानाची रीत तुम्हांला ठाऊक आहे. आत जाणाऱ्याने वाघोबापुढे डहाळी ठेवायची आणि आपल्याला कशाची भीती वाटते ते खरे सांगायचे. मी दोनदा छाती काढून म्हणालो, “मी कोणाला भीत नाही!” दोन्ही वेळा दिवसभर चाललो आणि त्याच दगडापाशी बाहेर पडलो. म्हातारा जैतू तिथे मोळी बांधत होता.

“आलात परत, पुनेकर? कालिजातनं बी असंच फिरून घरी आलात काय?”

मी अंगावर धावून गेलो. तो हललासुद्धा नाही. “मला मारून वाट नाय गावायची. रानाला खोटं पचत नाय. आन् आत मागनं कुनी हाक मारली तर वळू नका.”

तिसऱ्यांदा खरे बोललो. भिंतीसारखी उभी असलेली झाडे पाय मागे घेऊन सरकली. आत ओढा चढावर वाहत होता. वाघ आला, बैलाएवढा. बराच वेळ माझ्या शेजारून चालला, त्याचा श्वास मनगटाला लागत होता. मी पाऊल थांबवले नाही. वाघ सोपा होता. तो गेल्यावर मागून हाक आली, “गजा, थांब की रं.” बायजाचा आवाज. दमली की शेवटचा शब्द ओढते, अगदी तसा. आठ महिने ज्या हाकेला कान लावून बसलो होतो ती पाठीशी आली, आणि मी वळलो नाही. रडत चाललो.

खरी बायजा खळ्यावर नाचणी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, “उशीर केलास.”

“वाघ भेटला गं.”

“माझा बाप भेटायचा हाय अजून.” मग हसू गिळून, “कालिज सोडल्याचं भावाला सांगितलंस?”

“अजून नाय.”

“मग आधी त्याला सांग. भावापासनं लपून आलेल्यासाठी मी बापापुढं तोंड उघडनार नाय.”

तिच्या केसांत भुसा अडकला होता. काढावा इतकी जवळ होती. काढला नाही. परत फिरलो.

तेव्हा दादा, ऐका. दगडापुढे मी म्हणालो, “मला दादाची भीती वाटते.” तुम्ही रागवाल याची नाही, रागाला उलट राग माझ्याजवळ भरपूर आहे. तुम्ही शाळा सोडून खालापूरच्या वखारीत राबलात म्हणून मी शिकलो. हे वाचून तुम्ही काहीच न बोलता कागदाची घडी करून ठेवाल, याची भीती.

आज तिच्या बापापुढे उभा राहतो. तो काठी काढील की पाट मांडील, देव जाणे. मांडलाच, तर पौर्णिमेला सुपारीच्या वेळी माझ्या बाजूने तुम्ही बसावे एवढीच इच्छा आहे. न आलात तर एकटा बसेन, पण बसेन.

नामा गाडी घेऊन खालापूरला निघाला आहे, बाहेर बैल जुंपतो आहे. हे त्याच्या हाती देतो, दार ओढून घेतो आणि निघतो.

तुमचा, खरे लिहूनही हलका न झालेला,
गजा