टी-पेशींना वठणीवर आणताना

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून चिडायचं नाही. काल डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून मला ल्युपस समजावला. म्हणे, टी-पेशींचं काम बाहेरचे जंतू ओळखायचं. माझ्या टी-पेशी आपल्याच अवयवांना परकं समजतात आणि इतर पेशींनाही चिथावतात. त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशी असतात, त्या माझ्यात कमी पडतात. म्हणून गोळ्या रोज, न चुकता. नाहीतर किडनी जाईल. बावीस वर्षं कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे मी. मला आपला-परका शिकवतात!

८ मार्च
सांधे मोकळे. गालांवरचा लालपणा गेला. पेशी सुतासारख्या सरळ आल्या. गोळ्या बंद. हिला सांगितलं नाही, उगाच घर डोक्यावर घेईल.

१७ मार्च
कँटीनवाल्या मावशींचा डबा तीनदा उघडायला लावला. मॅनेजर म्हणाला, अहो, त्या नऊ वर्षं येतायत. मी म्हटलं, तेच तर संशयास्पद आहे. चिडलो नाही, फक्त आवाज चढला.

२१ मार्च
बूट घट्ट. कंपनीने भिकार माल घेतलाय, तक्रार लिहिली. लघवीला फेस येतो. सफाईवाला साबण नीट धूत नाही, त्याला झापलं. सांधे दुखतायत, खुर्ची वाईट. सगळे एकजात कामचुकार!

२३ मार्च, दुपारी २
हद्द झाली! आमची चिऊ गेटवर हजर. घरच्या कपाटात गोळ्यांच्या न फोडलेल्या पाकिटांचा ढीग सापडला म्हणे. सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, आत्ताच्या आत्ता गोळी घ्या, पाय बघा कसे सुजलेत. सुपरवायझरची काही इज्जत? पास विचारला. नव्हता. नियम म्हणजे नियम. गोळ्या जप्त केल्या, पावती दिली. रडत गेली. जाऊ दे.

२४ मार्च
गेटवरच घेरी आली. गोळ्या जप्तीच्या कपाटात, आणि ते उघडायला माझी सही लागते. नियम मीच केलाय. मला पेन धरता येईना. शेवटी मावशींनी रिक्षा बोलावली आणि सोबत बसल्या. त्यांचा डबा मांडीवर होता, कोणी तपासला नाही.

२७ मार्च, वॉर्ड
किडनीला चांगलाच मार बसलाय. कितपत सुधारेल, सांगता येत नाही म्हणतात. मी डॉक्टरीणबाईंवर ओरडलो की आधी का नाही सांगितलंत. त्यांनी तोच गोलांचा कागद पुढे केला. हिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

चिऊ आली. तिच्या पर्समध्ये माझी पावती होती. माझंच अक्षर: 'अनोळखी महिलेकडून संशयास्पद गोळ्या जप्त.' अनोळखी! चिऊचं नाव लिहायला माझा हात मोडला होता का? स्वतःचीच चीड आली. फाडून टाकायला पावती मागितली.

पर्स मिटून चिऊ म्हणाली, पास दाखवा. मग गोळी हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत तिथेच उभी राहिली.