तात्यांसाठी मऊ बघून

॥ श्री ॥
फ्रीगंज, उज्जैन
१८ जून २०२५

चि. मृण्मयीस, आईचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले की शेजारच्या खोलीत तात्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. आल्हादची खोली आवरून झाली का? त्याचा पांढरा कोट कुणाला देऊ नकोस. कॉलेजचे कागद मिळायला वेळ लागत असेल तर परेशान होऊ नकोस, पण जेवण सोडू नकोस.

एक काम आहे. आल्हाद दर छुट्ट्यांत तात्यांसाठी तिथली ती मिठाई आणायचा, द्राक्षाच्या रसातली अक्रोडांची माळ. ती घे, मऊ बघून घे. तात्या हल्ली रोज विचारतात, या वेळी तो का आला नाही. जानेवारीत बाबा त्याला घेऊन आले तेव्हा तात्या इंदूरच्या दवाखान्यात होते, हृदयाला धक्का सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि आपण गप्प बसलो. मग सांगायचा दिवस कधी आलाच नाही. मी परीक्षा आहे म्हणते, कधी बर्फ पडलाय म्हणते. नशीब, फोन लावून दे असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

डब्यावर त्याच्यासारख्या अक्षरात दोन ओळी लिहिशील? तुम्हा दोघा भावंडांची अक्षरं तशी सारखीच. बाबा बँकेतून आले की भिंतीकडे बघत बसतात, त्यांना यातलं काही बोलले नाही.

जपून राहा. तुझ्यावाचून आता कुणाला सांगू.
तुझी,
आई

*

तिबिलिसी, जॉर्जिया
२२ जून २०२५

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. आपण तात्यांना आणखी किती दिवस फसवणार, असं लिहायला बसले होते. मग तो कागद टाकून दिला आणि हर्षलला घेऊन बाजारात गेले. हर्षल म्हणजे आल्हादचा खोलीतला दोस्त, देवासचा.

स्टेशनजवळ मोठा बाजार आहे. चीज, लोणची, मसाले, आणि जिथे तिथे त्या माळा मेणबत्त्यांसारख्या टांगलेल्या. इथे त्यांना चुर्चखेला म्हणतात. आल्हाद एकाच बाईकडून घ्यायचा. तिनं हर्षलला ओळखलं आणि मागे बघितलं, दुसरा कुठाय म्हणून. हर्षलनं तिच्या भाषेत सांगितलं. मला एकच शब्द कळला, आल्हादचं नाव. तो रस्ता ओलांडताना अपघातात गेला, हे हर्षलनं समोरच्या माळा नीट करत सांगितलं. ती तराजू सोडून बाहेर आली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. मागे गिऱ्हाईकं थांबली होती.

मी समोरच्या माळा उचलायला लागले तर तिनं त्या काढून घेतल्या आणि आतून ताज्या आणल्या, बोटांनी दाबून बघत. हर्षलनं मला समजावलं की आल्हाद दर वेळी दात नसलेल्या म्हाताऱ्याची नक्कल करून मऊ मागायचा. मग तिनं विचारलं, आजोबा कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत, वाट बघतात. आई, खरं तेवढंच होतं.

कागदांसाठी मला अजून थांबावं लागणार. हर्षल घरी निघालाय, त्याच्याबरोबर डबा पाठवते. वर फक्त तात्यांचं नाव लिहिलंय, माझ्या अक्षरात. त्याच्या अक्षरात मला लिहिता आलं नाही, रागावू नकोस.

बाबांना आणि तात्यांना नमस्कार. मला विसरू नका, मी इथे फार एकटी आहे.
तुझी,
मृण्मयी

*

उज्जैन
२९ जून २०२५

चि. मृण्मयीस, तात्याचे अनेक आशीर्वाद.

हात कापतो, अक्षर लावून वाच. हर्षलच लिही म्हणाला, तोच फोटो पाठवेल. सकाळी नानाखेड्याला बसमधून उतरून तो डबा घेऊन आला. तुझ्या आईनं माझ्यादेखत त्याला सांगितलं, आल्हादची परीक्षा पुढे गेली ना, म्हणून तो आला नाही. पोरानं मान खाली घातली. त्याला बाहेर चहाला बसवून तिनं माळेचे पातळ काप केले, बशीत घातले आणि मी खातो का ते बघत माझ्याजवळ बसली.

मी एक काप खाल्ला. मग म्हटलं, प्रतिभा, मला माहीत आहे गं.

तिनं बशी नीट स्टुलावर ठेवली आणि मग जमिनीवर बसून पलंगाला डोकं टेकलं. बाहेर हर्षल होता तरी तिनं आवाज आवरला नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, पाडव्यापासून. आपल्या घरात गुढी उभारली नाही, पुरण शिजलं नाही. कुणी गेल्याशिवाय असं होत नाही, आणि घरात कोण दिसत नव्हतं ते मला कळत होतं.

तू विचारशील, मग गप्प का राहिलो. ती दिवसभर घरात मुकी असायची. माझ्या खोलीत आली की मात्र सांगायची, आज त्यानं खिचडी केली, आज त्याचा पेपर सोपा गेला. पोरी, एवढ्या घरात तेवढीच जागा होती जिथे तो तिला जिवंत होता. ती मी कशी काढून घेणार? पण आज हर्षलचा चेहरा बघितला आणि वाटलं, आता तिला रडू द्यायला हवं.

माळ मऊ होती. त्या बाईला माझा नमस्कार सांग.
तुझा,
तात्या

*

उज्जैन
९ जुलै २०२५

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तात्यांचं पत्र तुला मिळालं, म्हणजे तुला सगळं कळलंच आहे. उरलेले काप मी कॉलनीत वाटले, आल्हादच्या नावानं. बाबांनीही एक घेतला आणि पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलले, लहानपणी टावर चौकात तो हरवला होता ते.

आता तात्यांच्या खोलीत जायला भीती वाटत होती. बोलायचं काय? काल चार वाजता चहा घेऊन गेले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं की आल्हादचा फोन आला होता. कप हातातच राहिला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, सरकून पलंगावर जागा केली आणि हळूच विचारलं, काय म्हणत होता?

मी बसले, आणि सांगितलं.

लवकर ये.
तुझी,
आई